घराचे कर्ज लवकर फेडावे, पण मुलांचा अभ्यास गहाण पडू नये

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या कापडाच्या गावांत घराची रीत बदलली आहे. पूर्वी खाली माग आणि वर बिऱ्हाड असे वडिलोपार्जित घर असायचे. भाऊ वेगळे झाले की एकेक खोली वाटून घ्यायची आणि त्यातच संसार उभा करायचा, एवढेच ठाऊक होते. आता कुटुंबे वाढली, खोल्या पुरेनात, जागेचे भाव हाताबाहेर गेले. परिणामी लहान व्यापारी, मागवाला, शिंपी, सुतार, सगळ्यांनाच कधी ना कधी बँकेच्या किंवा गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या दारात जावे लागले. घर झाले, पण कागद बँकेत गेले आणि पंधरा-वीस वर्षांचा हप्ता मागे लागला.

व्याजाबद्दल आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ज्याला व्याजाशिवाय घर करता येते त्याने तसेच करावे. आधी जागा घ्यावी, मग जमेल तशी एकेक खोली बांधावी, नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घ्यावे, नाहीतर सरळ भाड्याने राहावे. मसला विचारायचा तर तो उलेमांना विचारावा, कापडाच्या दुकानात नव्हे. आम्ही येथे फक्त हिशेबाची बाजू मांडणार आहोत, आणि तीही अशा घरांसाठी, जी या कर्जात आहेत आणि लवकरात लवकर त्यातून बाहेर पडू इच्छितात. माणूस गेला तर वारसांची वाटणी होण्याआधी त्याचे कर्ज चुकवावे लागते, हे आपण सगळे जाणतो. म्हणून ते हयातीतच फिटावे, ही नियत चांगलीच आहे.

परंतु ही चांगली नियत काही घरांत उलटी वळताना आम्ही पाहतो. कर्ज लवकर फेडायचे म्हणून मुलाची शाळा बंद केली जाते. "घरीच शिकवू, फी वाचेल, थोडा दुकानातही हात लागेल," असे सांगितले जाते. सहा महिन्यांनी पाहावे तर शिकवणे बंद पडलेले असते, मुलगा मात्र दुकानात कायमचा बसलेला असतो. या लेखात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. घराचा हप्ता आणि मुलांचा धडा ही दोन्ही कामे अखेर घरातल्या त्याच एक-दोन माणसांच्या वेळेतून होतात. पैशांची वही मांडण्याआधी तासांची वही मांडली नाही, तर कर्ज फिटते आणि दुसरेच काहीतरी गहाण पडते.

हप्त्यात मुद्दल किती, व्याज किती

आधी कर्जाचे गणित समजून घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून २० लाख रुपयांचे कर्ज, ९ टक्के दर आणि २० वर्षांची मुदत धरू. महिन्याचा हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या महिन्यात यातले १५,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल उतरते जेमतेम तीन हजारांनी. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरला तर आपण १० लाख ८० हजारांच्या आसपास भरलेले असतात, पण मुद्दल कमी झालेले असते फक्त २ लाख २६ हजारांनी. पूर्ण वीस वर्षांत भरणा होतो सुमारे ४३ लाखांचा, म्हणजे व्याजच २३ लाखांहून जास्त.

यात बँकेची लबाडी नाही, हिशेबाची पद्धतच अशी आहे. व्याज शिल्लक मुद्दलावर लागते आणि सुरुवातीला मुद्दल मोठे असते. मात्र यातूनच लवकर फेडीची किल्ली सापडते. जादा रक्कम जितकी आधी पडेल तितके तिचे काम मोठे. वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच ५०,००० रुपये जादा भरले तर शेवटचे चौदाहून अधिक हप्ते गळून पडतात. तेच ५०,००० पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले तर जेमतेम चार हप्ते वाचतात. रक्कम तीच, बँक तीच, फरक फक्त वेळेचा.

दरमहा २,००० रुपये जादा भरले तर हे कर्ज वीसऐवजी साडेपंधरा वर्षांत फिटते आणि व्याजाचे सुमारे ६ लाख वाचतात. ज्याला दरमहा जमत नाही त्याने वर्षाअखेरीस एक हप्ता जादा भरला तरी साडेतीन वर्षे कमी होतात. पगारदाराला पहिला मार्ग सोपा, व्यापाऱ्याला आणि कारागिराला दुसरा. आपली मिळकत महिन्यावर चालत नाही, हंगामावर चालते. ईद, दिवाळी आणि लग्नसराईत गल्ला भरतो, पावसाळ्यात माल गोदामात पडून राहतो. म्हणून हंगामाची वसुली आली की त्यातून जादा भरणा करावा आणि मंदीत फक्त ठरलेला हप्ता सांभाळावा.

जादा भरणा करताना बँकेला लेखी सांगावे, की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतला तर हात थोडा सैल होतो, पण वर्षे तशीच उरतात. भरणा झाल्यावर नवी शिल्लक आणि उरलेले हप्ते दाखवणारा तक्ता मागून घ्यावा आणि वहीला लावावा.

नियम काय सांगतो

पुष्कळ वाचकांच्या मनात अजूनही भीती असते, की मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागेल. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच बँकांना, व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा आकार घेण्यास मनाई केली. ठरलेल्या दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. तेथे करारनामा वाचावा. धंद्याच्या कर्जाबाबतही रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांना ते लागू आहेत. त्यानुसार व्यक्तींना आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना दिलेल्या अशा कर्जांवर बहुतेक बँकांना मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही. काही प्रकारच्या बँकांसाठी मात्र रकमेची मर्यादा आहे, म्हणून शाखेत विचारूनच पुढे जावे.

दुसरी गोष्ट बदलत्या दराची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पुष्कळांचा हप्ता तोच राहिला, म्हणून ते निर्धास्त होते. प्रत्यक्षात त्यांच्या कर्जाची मुदत आतल्या आत लांबत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची हे कर्जदाराला विचारावे आणि जादा भरणा करण्याची मुभाही द्यावी. पण विचारले नाही तरी आपण विचारावे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि बँकेचा कागद बहुधा इंग्रजीत असतो, ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. तरी लाजू नये. वर्षातून एकदा शाखेत जाऊन, आज दर किती, शिल्लक किती आणि हप्ते किती उरले, एवढे तीन आकडे लिहून आणावेत.

पैसा कोठून काढावा, कोठून काढू नये

लवकर फेडीचा पैसा धंद्याच्या खेळत्या भांडवलातून काढू नये, हे आम्ही ठासून सांगतो. सुताची उधारी मुदतीत चुकली नाही तर बाजारात पत जाते आणि मग सूत महाग मिळते. घराच्या कर्जात ९ टक्के वाचवायचे आणि दुकानासाठी सोने गहाण टाकून किंवा खासगी सावकाराकडून त्याहून महाग पैसा उचलायचा, हा हिशेब बुडीत आहे. आधी सावकार, मग सोन्यावरचे कर्ज, मग सुताची देणी, आणि हे सारे सरळ झाल्यावर घराचा जादा भरणा, हा क्रम ठेवावा.

त्याचप्रमाणे निदान सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय एक रुपयाही जादा भरू नये. मार्च २०२० मध्ये माग एकदम थांबले तेव्हा याची किंमत कळली. त्या वेळी मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची हप्त्यांची सवलत मिळाली होती, पण त्या काळातले व्याज माफ नव्हते, ते मुद्दलावर चढतच होते. ज्यांच्याकडे राखीव रक्कम होती त्यांना ती सवलत घ्यावी लागली नाही.

आणि तिसरी जागा, जेथून पैसा काढू नये, ती म्हणजे मुलांचे शिक्षण.

घरी शिकवणे म्हणजे शाळा सोडवणे नव्हे

घरी शिकवण्याला आमचा विरोध नाही, उलट आम्ही स्वतः ते केले आहे. पण त्याचे कारण मुलात असले पाहिजे, गल्ल्यात नव्हे. फी परवडत नाही हे कारण टिकत नाही, कारण नगरपालिकेची, महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत मोफत आहे आणि तेथे दुपारचे जेवणही मिळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणून चौदाच्या आतल्या मुलाचे नाव शाळेतून काढू नये. शाळा चालू ठेवून घरी जोड द्यावी.

चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मात्र कायदेशीर आणि मान्य रस्ते आहेत. एक म्हणजे राज्य मंडळाची दहावी बाहेरून देणे, ज्याला आपल्याकडे "सतरा नंबरचा फॉर्म" म्हणतात. दुसरा म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू झाली. तिची दहावी उर्दू आणि मराठी माध्यमातूनही देता येते. दहावीसाठी पाच विषय लागतात आणि सगळे एकदम देण्याची सक्ती नाही. एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते, आणि सुटलेल्या विषयाचे गुण जमा राहतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते. अभ्यासकेंद्रावर संपर्क वर्ग असतात आणि घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांनाही गुण असतात. आजारी मुलगा, वाचनात अडखळणारा मुलगा, मध्येच शाळा सुटलेली मुलगी, यांच्यासाठी हा रस्ता फार मोलाचा आहे.

पण या सगळ्यात शिकवणारा माणूस लागतो. पुस्तके टपालाने येतात, शिकवणारा येत नाही.

घरच्या धंद्याविषयीही स्पष्ट असावे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला घरच्या धंद्यात मदत करू देता येते, पण शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीत, आणि तीही धोक्याच्या कामात नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट आहे, की दिवसभर गादीवर बसलेला मुलगा रात्री पुस्तक उघडत नाही. संध्याकाळी एक तास बिल लिहायला शिकणे ही तालीम आहे, सकाळपासून ताके उचलणे ही मजुरी आहे. बाप दोन्हींना "धंदा शिकतोय" असेच म्हणतो, म्हणून फरक आम्ही येथे लिहून ठेवतो.

तासांची वही

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घरी शिकवणे फुकट आहे असे पुष्कळांना वाटते, कारण त्याचे बिल येत नाही. प्रत्यक्षात ते घरातल्या बाईच्या तासांतून वसूल होते. आपल्या वस्तीत ती स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. अनेक घरांत कांडी भरते, शिलाई करते किंवा दुकानाची बिले लावते. त्यात आणखी तीन तास शिकवण्याचे घातले तर ते कोठून येणार? झोपेतून येतात, नाहीतर येतच नाहीत. मग शिकवणे बंद पडते आणि दोष मुलावर येतो, की त्याचे लक्षच नव्हते.

म्हणून आम्ही सुचवतो, की कर्जाच्या वहीशेजारी एक साधी वही ठेवावी. एक आठवडा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे तास लिहावेत. दुकान किती, घरकाम किती, हातकाम किती, झोप किती. मग शिकवण्याचे तास कोणाच्या रकान्यातून काढायचे ते ठरवावे. ते रिकाम्या जागेतून निघत नसतील तर कोणते तरी काम कमी करावे लागेल, किंवा पैसे देऊन बाहेरून करून घ्यावे लागेल. हा खर्च शिक्षणाचा आहे आणि तो कर्जाच्या जादा भरण्याआधी लिहायचा आहे.

पुरुषांनीही आपला रकाना रिकामा ठेवू नये. शुक्रवारी माग बंद असतात. नमाजनंतरचे दोन तास, आणि रोज दुकान वाढवल्यावरचा अर्धा तास, एवढे तरी बापाचे असावेत. आमच्या पिढीला पाढे आणि तोंडी हिशेब चांगले येतात. ते मुलांना देण्यासाठी पदवी लागत नाही.

आमच्या घरातला हिशेब

आम्ही २०११ मध्ये घरासाठी १२ लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने घेतले. हप्ता सुमारे १२,००० होता. पहिली दोन-तीन वर्षे घर लावण्यात गेली. २०१४ पासून हंगामाच्या वसुलीतून वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार जादा भरत गेलो. २०२० मध्ये जादा भरणा थांबवला, राखीव रकमेतून फक्त हप्ते चालू ठेवले.

२०२१ मध्ये दुसरा प्रश्न उभा राहिला. आमच्या मधल्या मुलाला अक्षरे उलटसुलट दिसत. तोंडी विचारले तर उत्तर द्यायचा, पण वाचायला दिले की घामाघूम व्हायचा. शाळा बंद असण्याच्या काळात तो आणखी मागे पडला. आठवी झाली होती, चौदा वर्षे पूर्ण होती. डॉक्टरांनी तपासून वाचनदोष असल्याचे सांगितले. शाळेत सत्तर मुलांच्या वर्गात त्याच्याकडे कोण पाहणार? आम्ही दोघांनी विचार केला आणि त्याचे नाव मुक्त विद्यालयात घातले.

मुलांची अम्मी बारावीपर्यंत शिकलेली आहे आणि दुकानाची बिले व जीएसटीचे कागद तीच सांभाळत होती, रोजचे तीन तास. शिकवण्यालाही रोज तीनच तास लागणार होते. दोन्ही तिच्याकडून करून घेणे न्यायाचे नव्हते. तेव्हा बिलांसाठी अर्धवेळ माणूस ठेवला, महिना ४,००० रुपयांवर. दोन वर्षांत त्याचे ९६,००० झाले. हीच ती रक्कम होती जी आम्ही कर्जात जादा भरली असती. तसे केले असते तर कर्ज आठ-नऊ महिने आधी फिटले असते.

आम्ही त्या दोन वर्षांत जादा भरणा केला नाही. मुलाने पहिल्या वर्षी तीन विषय सोडवले, गणित आणि आणखी एक विषय दुसऱ्या वर्षासाठी ठेवले. २०२३ मध्ये दहावी पूर्ण झाली आणि त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम धरला. कर्ज २०२४ मध्ये फिटले, मुदतीच्या सात वर्षे आधी. आठ-नऊ हप्ते जादा गेले, त्याचा हिशेब आमच्या वहीत शिक्षणाच्या खात्यावर लिहिलेला आहे. कर्ज आणखी एक वर्ष चालते. चौदाव्या वर्षी मागे पडलेले मूल दुसऱ्या वर्षी आपोआप पुढे येत नाही. व्यापाऱ्याने या दोन उधाऱ्यांतला फरक ओळखलाच पाहिजे.

कर्जाचा तक्ता हेच गणिताचे पुस्तक

घरी शिकवणाऱ्यांना एक उपयोगी गोष्ट सांगतो. आमच्या मुलाला पुस्तकातली टक्केवारी डोक्यात शिरत नव्हती. मग बँकेचा हप्त्यांचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला. शिल्लक इतकी, दर इतका, मग या महिन्याचे व्याज काढ, हप्त्यातून ते वजा कर, उरले ते मुद्दल. आकडा बँकेच्या आकड्याशी जुळला की त्याला आनंद व्हायचा. दोन महिन्यांत टक्केवारी, दशांश आणि वजाबाकी सरळ झाली. वर घरावर किती कर्ज आहे हे मुलांना कळले आणि नव्या मोबाईलचा हट्ट आपोआप कमी झाला.

धंद्यातूनही असेच पाठ निघतात. ताक्याचे मीटर मोजणे, भाव गुणून बिल करणे, त्यावर ५ टक्के जीएसटी लावणे, उधारीचे दिवस मोजणे. पाली-बालोतऱ्याला प्रक्रियेसाठी गेलेला माल किती दिवसांनी परत येतो, हे नकाशावर दाखवले की भूगोलही होतो. शिंप्याच्या घरात मापाची फीत आहे, सुताराच्या घरात गुण्या आहे. कारागिराचे घर अर्धी शाळा असतेच, फक्त कामाची वेळ आणि धड्याची वेळ एकमेकांत मिसळू देऊ नये.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे समजून पुष्कळजण घरी येतात. खरे काम तेथून पुढे असते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेड झाल्यानंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत देणे आणि नोंदलेला बोजा उतरवणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणून पुढील गोष्टी एकेक करून तपासाव्यात.

पहिले, काही देणे बाकी नसल्याचा बँकेचा दाखला. दुसरे, मूळ खरेदीखत आणि दिलेले सगळे कागद, कर्ज घेताना केलेल्या यादीशी ताडून. तिसरे, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा नोंदला असेल तर तो कमी झाल्याचा नवा उतारा. चौथे, आगाऊ दिलेले धनादेश परत आणि खात्यातून आपोआप हप्ता जाण्याची सूचना रद्द. पाचवे, दोन-तीन महिन्यांनी पत अहवालात कर्ज बंद दिसते की नाही, याची खात्री.

कागद घरी आले की त्यांच्या दोन नकला काढून एक नातेवाइकाकडे ठेवावी आणि घरातल्या बाईला व मोठ्या मुलांना ते कोठे आहेत हे दाखवून ठेवावे.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना शेवटी एवढेच सांगणे आहे, की येत्या शुक्रवारी घरातली सगळी माणसे एकत्र बसावीत आणि दोन वह्या मांडाव्यात. एकीत शिल्लक कर्ज, दर आणि उरलेले हप्ते. दुसरीत घरातल्या माणसांचे तास आणि प्रत्येक मुलाचा अभ्यास कोठे अडला आहे ते. दुसऱ्या वहीतली निकड आधी भागवावी, उरेल ते पहिल्या वहीत भरावे. कर्ज थोडे उशिरा फिटेल, पण फिटेल. आणि ज्या दिवशी कागद घरी येतील त्या दिवशी ते वाचता येणारी मुले त्या घरात असतील.